दुभाष्याविना

प्रिय टाचणी,

रुसायचं तेवढं रूस, पण पत्र न वाचता फाडू नकोस. तू शिवणखातं सोडून गेलीस, तरी तुझ्या मशीनवर मी अजून कुणाला बसू दिलेलं नाही. नवी पोरगी आली की सांगते, याची मोटर शॉक देते.

आपला स्पॅनिश सुपरवायझर आहे तस्साच आहे. शिलाई बघायच्या निमित्ताने पाठीवर हात, अंग चोरलं की आरडाओरडा. तू तक्रार केलीस तेव्हा तो मान हलवून हसला होता ना? त्याचं कारण मला आता कळलं. दुभाष्या चहा पिताना फुशारकीने बोलून गेला, की तुझी तक्रार त्याने ‘हिला बरं नाही, रजा हवीय’ एवढीच पोचवली होती. असं गोड करूनच सांगावं लागतं म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग लेकीला धरलं. ती कॉलेजात स्पॅनिश शिकते. म्हटलं, मला फक्त ‘नका’ म्हणायला शिकव. तर तिथे सगळा उलटा कारभार! ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदाला ‘ए’ लावायचा, ‘एर’ आणि ‘इर’वाल्यांना ‘आ’, आणि सगळ्यांच्या आधी ‘नो’. ग्रितार म्हणजे ओरडणं, म्हणून ‘नो ग्रिते’. तोकार म्हणजे हात लावणं, ‘नो तोके’. अरेतुरे करायचं तर शेवटी ‘स’. भांडी घासताना घोकत होते. लेक म्हणाली, ‘स’ लावूनच झाप त्याला. मी म्हटलं, छे, अहोजाहोच करणार. त्याने सोडली म्हणून मी माझी पायरी का सोडू?

काल त्याचा हात शेजारच्या पोरीच्या खांद्यावर आला. मी उठले.

“नो तोके. नो ग्रिते.”

एकेक मशीन थांबत गेलं. दुभाष्या धावत आला, त्यालाही सांगितलं, तुम्ही मध्ये पडू नका.

आता सोमवारी मालकांपुढे चौकशी आहे. सुपरवायझर म्हणतो, आजवर मला कुणी नको म्हटलंच नव्हतं. तू म्हटलं होतंस, आम्हा सगळ्यांच्या आधी. म्हणून हे पत्र. ये आणि तुझं तू सांग, माझी लेक शब्द न् शब्द पोचवेल. माझी नोकरी गेली तर जाऊ दे, पण तू नुसती आजारी होतीस असं मी कुणाला म्हणू देणार नाही. तेमेर म्हणजे भिणं. तू माझ्या जिवाची, म्हणून तुला ‘स’ लावते: नो तेमास.

तुझीच,
कजाग थोरली