ओला कागद

लंडन, मार्च १६६४

तीर्थरूप अँब्रोसदादा यांस, डॅमॅरिसचा नमस्कार. प्रभू तुम्हा सर्वांना सुखात ठेवो.

चीज आणि लोकरी मोजे पोचले. गाडीवाल्याने चार पेन्स घेतले. मोजे लगेच तुरुंगात दिले. बेड्यांखाली यांच्या घोट्यांना आता ऊब आहे.

परवान्याविना पुस्तिका छापली म्हणून यांना धरलं, ते तुम्ही जाणताच. सुटका ठरत आली होती. पण शाई नीट धरावी म्हणून छपाईच्या आदल्या संध्याकाळी कागद भिजवून ठेवायची माझी जुनी सवय. काम नसतानाही मंगळवारी हात आपोआप चालले. सकाळी झडतीवाले आले. एकाने गठ्ठ्यावर तळवा ठेवला.

"कागद ओला आहे, बाई. आज काय छापणार होतात?"

"काहीच नाही," मी म्हटलं. खरं तेच होतं. तो हसला.

सुटका अडली. आता त्या न लिहिलेल्या पुस्तिकेच्या लेखकाचं नाव ते यांना विचारतात. काल गजांआडून हे म्हणाले, "नवरा आत, आणि बायकोला छापायची घाई!" हसले, मग बराच वेळ खोकत राहिले.

संध्याकाळी मी हात एप्रनमध्ये गुंडाळून बसते. तरी सकाळी गठ्ठा चाचपून पाहते, कोरडा आहे ना.

आईची कंबर कशी आहे? तिला यातलं सांगू नका.

जामीन राहायला कुणी घरदारवाला हवा. शेजारी दार उघडत नाहीत. तुम्ही याल का? मुलाबाळांकडे पाहून नाही म्हणालात तरी राग नाही. पण उलट टपाली कळवा, म्हणजे यांना खोटी आशा दाखवत राहणार नाही.

तुमची बहीण,
डॅमॅरिस