श्राद्धाचे तांदूळ आणि रंगाच्या गोळ्या

१९ ऑक्टो. १९९६
वेंकू काल आला. माझा धाकटा दीर, सहा वर्षांनी अमेरिकेहून. सासूबाईंना लोकरीची शाल आणली आहे. कुंभकोणमात लोकर. मला पेनांचा डबा. बाकी एक काळी पेटी, ती उघडायला हे आणि वेंकू माडीवर गेले आणि आतून कडी लावली. दोघांचीही चाळिशी उलटलेली. पेटीत तोंडावर लावायचे चार मुखवटे आणि दोन बंदुका निघाल्या. गॅसवर चालतात, रंगाची गोळी उडते, अंगावर फुटते, ज्याला लागली तो बाद. तिकडे मोठी माणसं सुटीच्या दिवशी रानात जाऊन हे करतात म्हणे.
वेंकूने आईला सांगितलंय, वडिलांच्या, अप्पांच्या श्राद्धाला आलो. श्राद्ध ९ नोव्हें.ला. तोवर हा खेळ.

२१ ऑक्टो.
संघ तयार. हे (वकील, जिना चढले की धापा), वेंकू, भांड्यांच्या दुकानाचे सेतुराव आणि दातांचे डॉ. मुरली. डॉक्टरांचा साक्कोट्टैला नारळीचा तोप्पु, म्हणजे बाग आहे, तिथे रविवारी लढाई.
बंदुकीबरोबर इंग्रजी पुस्तिका आहे. कोणी उघडली नाही. हे म्हणाले, खेळ काय पुस्तक वाचून खेळतात का. वेंकू म्हणाला, “वैनी, तू शाळेंत हेंच करतेस की, तूंच वाच अन् सांग.” तो स्वतः तिकडे दोनदा खेळला आहे. बोलतो मात्र सेनापतीच्या तोऱ्यात.

२३ ऑक्टो.
नववीच्या पेपरांच्या कोऱ्या बाजूवर चौघांसाठी लिहून काढलं. मुखवटा मैदानात एकदाही काढायचा नाही, डोळा जातो. एका जागी बसून राहायचं नाही. बोलायचं नाही. आडोशाच्या वरून नव्हे, बाजूने डोकावायचं. गोळ्या कोरड्या, गार जागी ठेवायच्या, दमटपणाने फुगतात. चार प्रती केल्या. सेतुरावांनी त्यांच्या प्रतीत विडा बांधला.

२७ ऑक्टो.
तोप्पु. मी कॉफीच्या थर्मासपाशी.
हे नारळाच्या झाडामागे लपले. झाड मधोमध, दोन्ही बाजूंनी हे. डॉक्टर एका जागी बसले ते बसलेच, त्यांना मुंग्या चावल्या. वेंकू प्रत्येक गोळीआधी “येतोंय, येतोंय” म्हणून ओरडत होता. सेतुरावांनी थुंकायला मुखवटा वर केला, तेवढ्यात ह्यांनी नेम धरला. गोळी लागली की नाही यावर पाऊण तास वाद. सदऱ्यावर लाल डाग होता, पण तो रंगाचा की विड्याचा, हे चार शिकलेल्या माणसांना ठरवता येईना. शेवटी डॉक्टरांनी वास घेतला. विडा.
सा.बां.ना सांगितलंय की नारळ बघायला जातात. एक नारळ आणला नाही.

१ नोव्हें.
आज शाळेला सुटी, पुन्हा तोप्पु. वेंकूला दया आली, बंदूक माझ्या हातात दिली. पुस्तिकेत लिहिलं होतं तसं केलं. गुडघा टेकला, बाजूने डोकावले, श्वास सोडला, दाबलं. पहिल्याच गोळीत ह्यांची पाठ, बरोबर मध्यावर, पिवळी. किती बरं वाटलं ते लिहायची लाज वाटत नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात इतकं नेमकं काही झालं नव्हतं.
नंतर मला बंदूक मिळाली नाही. गॅस संपत आलाय म्हणे. सोडा फॅक्टरीवाला भरून देतो, हे मला माहीत आहे.

३ नोव्हें.
पाऊस धरलाय. खेळ नाही. वेंकूच्या उरलेल्या गोळ्या फुगल्या, नळीत जाईनात. पुस्तिकेतलं तेच वाक्य. दोघे भाऊ माडीवर चिंताक्रांत, एखादा खटला हरल्यासारखे.

५ नोव्हें.
ह्यांनी आज जेवताना फुशारकीने सांगितलं. गोळ्यांचा प्रश्न सुटला. तांदूळ ओलावा ओढतो, म्हणून परवापासून गोळ्या तांदळात पुरल्या आहेत. रोजच्या डब्यात आईच्या हाताला लागतील, म्हणून देवघरातल्या पितळी डब्यात. म्हणजे श्राद्धाचे तांदूळ. तिरुविडैमरुदूरच्या आमच्याच शेतातले, सा.बां.नी दोन महिन्यांपूर्वी सोवळ्यात निवडून, धुऊन, वाळवून ठेवलेले. त्या दिवशी दुसरा दाणा चालत नाही.
मी म्हटलं, त्या डब्याला हात लावलात?
“आंघोळ करून, सोवळें नेसून लावला. मला काय कळत नाहीं?”
सोवळं नेसून बंदुकीच्या गोळ्या पुरणारा वकील आख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

६ नोव्हें.
पुस्तिका पुन्हा काढली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, गोळीचं कवच जिलेटिनचं. शब्द ओळखीचा वाटला, पण खात्री नव्हती. शाळेतल्या मोठ्या कोशात पाहिलं. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून केलेला पदार्थ. दोनदा वाचलं. मग कोश मिटून आठवीच्या वर्गावर गेले आणि तास कसा घेतला ते आठवत नाही.
तीन दिवस त्या डब्यात.

७ नोव्हें.
दोघांना माडीवर नेऊन सांगितलं. वेंकूच्या तोंडचं पाणी पळालं. लगेच गोळ्या काढल्या, मोजल्या की नाही कोण जाणे. एकही फुटलेली नाही, एवढंच म्हणत होता.
मी म्हटलं, आईला सांगा.
हे म्हणाले, “तांदूळ धुतातच की गे.”
वेंकू म्हणाला, “मी कसें सांगूं वैनी? अप्पा गेले तेव्हां आलों नाहीं, आतां आलों तर हें.”
हे म्हणाले, तूच सांग, तुझं ती ऐकते. एकोणीस वर्षांत हे पहिल्यांदा कळलं. कोर्टात बाकावर मुठी आपटणारा माणूस, घरात शेपूट घालून बसला. दोघांचीही मला किळस आली. तसं सांगितलंही.

८ नोव्हें.
सांगायला गेले होते. सा.बा. ओसरीवर दर्भ निवडत होत्या. त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली. अप्पा रागातच वारले. वेंकूने परदेशी जायचं ठरवलं तेव्हापासून त्याचं नाव घेतलं नाही, आणि पाच वर्षं श्राद्धाला कावळा दुपार होईपर्यंत शिवत नाही. “दर वर्षीं मी सांगतें त्यांना, पोर अहे, सोडा. ऐकत नाहींत. औंदा तो आला अहे, बघूं.”
उद्यासाठी त्यांना तांदूळ हवेतच. नसले तर श्राद्ध नाही, आणि वेंकू १४ तारखेला जातो.
मी म्हटलं, केळीची पानं किती आणू?

९ नोव्हें.
पहाटे सा.बा. ओल्या वस्त्राने स्वयंपाकाला बसल्या. मी उंबऱ्याबाहेर, आत शिवायचं नाही. पितळी डबा उघडला. तांदूळ हुंगले, हातावर घेतले, “बरे आहेत” म्हणाल्या. मी तिथेच उभी. हाक मारायला तोंड उघडलं होतं. त्यांनी पाणी ओतलं.
पिंड झाले, ब्राह्मण जेवले. कौलावर भात ठेवला आणि वेंकू हात जोडून मागे सरला, इतक्यात कावळा. एक नव्हे, तीन. पाच मिनिटंही लागली नाहीत.
सा.बा. अंगणात मटकन बसल्या. मला वाटलं चक्कर आली. रडत होत्या. वेंकूला जवळ घेऊन म्हणाल्या, “जेवले रे. तुझ्या हातचें जेवले.” तोही रडला. हेसुद्धा. मग ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, हळूच, जिंकल्यासारखं. पिवळा डाग पाठीवर पाडला त्यापेक्षा चांगला नेम आज जमला असता.
भात मीही खाल्ला. चव नेहमीचीच होती.

१० नोव्हें.
सा.बा. सकाळपासून गुणगुणतायत. पाच वर्षांत ऐकलं नव्हतं. शेजारच्या मामींना, दूधवाल्याला, देवळातल्या भटजींना सांगून झालं. वेंकूने शाल पांघरायला लावली, ती पांघरून घामाघूम बसल्या होत्या, काढेनात.
दोघे भाऊ इतके हलके झालेत की दुपारी पुन्हा बंदुका पुसत होते. मी काल मूग गिळले ते त्यांच्यासाठी नव्हे, असं स्वतःला सांगते. मग कोणासाठी, हे विचारलं की दुसरं काम काढते.

१३ नोव्हें.
शेवटची लढाई, तांदळात वाळलेल्या त्याच गोळ्यांनी. गेले नाही. डॉक्टर म्हणे मुखवटा न लावता निघाले होते, वेंकूने माझा कागद वाचून दाखवला आणि त्यांना परत पाठवलं. शेवटी कोणीतरी वाचला. सेतुराव जिंकले. आता संध्याकाळी येऊन जिन्यावर बसून तीच हकिकत तिसऱ्यांदा सांगतायत.

१४ नोव्हें.
वेंकू गेला. बंदुका ठेवून गेला, “वैनी, तुझ्यासाठीं.” म्हणजे सामानात वजन होत होतं. स्टेशनावर माझ्या कानात म्हणाला, कधी सांगू नकोस हं. मी म्हटलं, गाडी सुटेल, चढ.

१८ नोव्हें.
शाळेतून आले. सा.बा. देवघरातून मला हाक मारत होत्या. पितळी डबा धुऊन उपडा घातलेला. त्यांच्या समोर चांदीच्या वाटीत एक निळी गोळी. तळाशी सापडली, थोड्या उरलेल्या तांदळात. देवापुढे ठेवली होती, हळदकुंकू लावून.
“वेंकूचीच ना ही? पोरानें बापासाठीं कांहींतरी ठेवलें असेल, सांगितलें नाहीं. कशाची अहे गे?”
मी म्हटलं, रंगाची.
“आंत रंग, तें दिसतें. वरचें हें कशाचें?” त्या म्हणाल्या, “त्याला पत्रांत विचारलें असतें, पण तो खरें सांगायचा नाहीं. मोठाही नाहीं. तुझ्याकडे तें पुस्तक अहे ना, वर अशा गोळ्यांचें चित्र अहे तें. तूं वाचून सांग. तूं खोटें सांगत नाहींस.”
पुस्तिका माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली. तिथेच आहे हे मला माहीत होतं.
म्हटलं, शोधते, उद्या सांगते.
“सकाळीं सांग,” म्हणाल्या. “पूजेच्या आधीं.”