साठ किलोंचा मान

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून लिहितो आहे, त्यामुळे आठांपैकी सहा अंगं खुर्चीतच आहेत, पण भावना पुरती आडवी पडलेली आहे असं समजावं.) डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे मामींकडून कळलं. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती घेताय, की खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची वजनं अंदाजाने सांगणं चालू आहे? एका डोळ्याने तुमचा अंदाज फार तर अर्ध्या किलोने चुकेल याची मला खात्री आहे. इकडे सर्व बरे आहेत. तुमच्या भाचेसुनेने नमस्कार सांगितला आहे. लग्नात तिला पहिल्यांदा बघून तुम्ही सगळ्यांदेखत 'चोपन्न' म्हणाला होतात, हे ती अजून विसरलेली नाही, तरीही सांगितला आहे, तेव्हा तो जरा जास्त मोलाचा धरावा.

फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही 'बरं' म्हणून ठेवून देता, आणि तुमच्यापुढे उभं राहून वाद घालणं मला आजवर जमलेलं नाही. कागदाचा फायदा असा की तुम्ही मध्येच भुवई वर केली तर मला दिसत नाही. शिवाय हे पत्र तुम्हाला मामी वाचून दाखवणार, म्हणजे पहिला रागही मधल्यामध्ये थोडा मुरेल.

विषय दिग्विजयचा आहे. (मामी, दिग्विजय हा घोडा आहे. तुम्ही मागे एकदा विचारलं होतंत की हा कोण, जेवताना मामा ज्याच्यासाठी उसासे टाकतात.) तुमच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात तो सगळ्यांच्या मागून येऊन पहिला आला, ती शर्यत सगळं मैदान अजून सांगत बसतं. आज तीन वर्षं झाली. त्यानंतर तो चौदा वेळा धावला आणि चौदाही वेळा हरला. दोनदा तिसरा आला, बाकी वेळा आठवा, नववा, असा. एकदा शर्यत सुटायचं दार उघडल्यावर त्याने बाकीच्यांना 'आधी आपण' म्हटल्यासारखं जाऊ दिलं. एकदा वळणावर माळी पाइपाने पाणी घालत होता, ते त्याने डोळे भरून पाहिलं. आणि तरी मामा, दर रविवारी पैसे लावणाऱ्यांचा सगळ्यात लाडका घोडा कोण, तर हाच! हरला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, आणि पुढच्या वेळी पैसे लावायच्या त्याच खिडकीपुढे पुन्हा त्याच्याच नावाने रांग. गेल्या आठवड्यापर्यंत माझं मत ठाम होतं की या लोकांनी एका साध्या घोड्याला उगाच डोक्यावर घेतलं आहे. हे मत मी ऑफिसात, बसथांब्यावर आणि घरी इतक्यांदा मांडलं की, पुन्हा घोड्याचं नाव काढलंत तर ताट तबेल्यात पाठवीन, अशी ताकीद मला मिळाली.

मग सोमवारी ट्रेनरबाई आल्या. तुम्ही त्यांना ओळखता, बोलण्यात एकही शब्द वाया घालवत नाहीत. मालकाने (पंख्यांचा कारखाना आहे तो) सांगितलं आहे की या रविवारीही हरला तर घोडा विकायचा, आणि हरणारा घोडा विकत घेणारे लोक कोण असतात ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. बाईंचं म्हणणं, त्याच्यावर साठ किलो ठेवताय म्हणून तो हरतोय. (मामी, पुन्हा तुमच्यासाठी. चाळीस वर्षांत मामांनी हे तुम्हाला समजावलेलं नाही हे मला ठाऊक आहे. मामा जे काम करायचे आणि मी आता करतो ते असं: शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवायचं आणि साध्यासुध्या घोड्याच्या पाठीवर कमी, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. साठ हे आमच्याकडचं सगळ्यात जास्त, पन्नास सगळ्यात कमी. स्वार हलका असला तर उरलेलं वजन शिशाच्या पट्ट्यांनी भरतात.) मी त्यांना आपला ऑफिसातला आवाज लावून सांगितलं, की लोकांचा एवढा विश्वास आहे तेव्हा घोड्यात काहीतरी असणारच. बाईंनी पिशवीतून नऊ किलो शिसं काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे घेऊन मैदानाला एक फेरी मारून या. मग बोलू."

आता मी पंचेचाळिशीचा माणूस, पोट सुटलेलं, आणि बाईंपुढे नाही म्हणायची सोय नाही. भर दुपारी पट्ट्या खांद्यावर टाकून निघालो. पहिली शंभर पावलं मला काहीच वाटलं नाही, उलट थोडा अभिमानच वाटला. पहिल्या वळणावर चष्म्यावर घाम आला. दुसऱ्या वळणावर मैदानाचे जनावरांचे डॉक्टर सायकलवरून जाताना उतरले आणि त्यांनी सवयीने आधी माझे पाय बघितले. तिसऱ्या वळणावर मी कठड्याला धरून उभा राहिलो. कठड्यापलीकडे दिग्विजय फिरवून आणून बांधला होता. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं असं म्हणणार नाही (घोड्याला आपण उगाच माणसाचे स्वभाव चिकटवतो, हे तुमचंच सांगणं), पण त्याने कान पुढे केले होते आणि मी निघेपर्यंत दुसरीकडे बघितलं नाही. उरलेलं अंतर मी माळ्याच्या ढकलगाडीतून शिसं नेऊन पुरं केलं. बाईंनी ते पाहिलं आणि पट्ट्या मोजून पिशवीत भरल्या, हे फार लागलं.

तरीही माझं मत बदललं नव्हतं. दोष पैसे लावणाऱ्यांचा, एवढं मी धरून होतो. दुसऱ्या दिवशी दाढीला गेलो तो फाटकासमोरचा न्हावी माझ्या गळ्यावर वस्तरा ठेवून दिग्विजयचे गोडवे गायला लागला. अशा वेळी माणसाने गप्प राहावं, पण मी भांडलो. म्हटलं, चौदा वेळा हरलेला घोडा तुम्हाला का आवडतो ते एकदा सांगा. त्याने वस्तरा पुसला आणि माझ्याकडे आरशातून असं बघितलं, जणू मीच काहीतरी लपवतो आहे.

"साहेब, साठ किलो उगाच कोण ठेवतं का? तुम्ही ठेवलेत. दर वेळी ठेवता. म्हणजे तुम्हाला त्याच्यात काहीतरी दिसतं, जे आम्हाला दिसत नाही."

मामा, मी अर्धी दाढी तशीच ठेवून ऑफिसात आलो. (हे अलंकारिक नाही. दिवसभर लोक माझ्याशी उजव्या बाजूने बोलत होते.) कपाटातून दिग्विजयची वही काढली. आपल्याकडे वजन तसंच ठेवलं तर त्याचं कारण शेऱ्यात लिहायचं, ही तुमचीच शिस्त. चौदा शेरे आहेत, माझ्याच अक्षरात, आणि चौदाही एकच: 'लोकांचा विश्वास कायम, वजन तेच.' म्हणजे घोडं कुठे पेंड खात होतं ते माझ्याच टेबलावर दिसलं. लोक माझ्याकडे बघून घोड्यावर विश्वास ठेवत होते आणि मी लोकांकडे बघून. आम्ही एकमेकांना मान डोलावत होतो, आणि मधल्यामध्ये तो मुका जीव तीन वर्षं साठ किलो वाहत होता. घोड्याकडे कोणीच बघितलं नाही. मी तर दर आठवड्याला त्याच्यापासून शंभर पावलांवर बसतो.

त्यानंतर मी ती जुनी शर्यत काढून शांतपणे चार वेळा बघितली. त्या दिवशी त्याच्यावर फक्त पन्नास किलो होते. पुढचे दोन घोडे वळणावर एकमेकांना घासले आणि बाहेर फेकले गेले, तिसऱ्याचा स्वार मागे बघत बसला, आणि आपला हा कडेच्या मोकळ्या वाटेने आला. आला मात्र सुंदर, यात वाद नाही. शेवटचे दोनशे मीटर बघताना मला आजही खुर्चीतून उठावंसं वाटतं. मला वाटतं लोक घोड्यावर पैसे लावतच नाहीत. त्या दुपारी आपण ओरडलो होतो, अनोळखी माणसाचा हात धरला होता, ते पुन्हा होईल म्हणून लावतात. त्यांना मी मूर्ख म्हणत होतो याची आता लाज वाटते. आशा धरणं हे त्यांचं कामच आहे. न धरणं हे माझं काम होतं, पगार त्याचाच मिळतो.

मग मी का नाही उतरवलं वजन? शेऱ्यात लिहिलं ते कारण खोटं आहे. खरं तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल, लिहून टाकतो. वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या हातचा 'साठ' आहे, खाली दोन रेघा. त्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी, तुमच्या शेवटच्या दिवशी, तुम्ही तो लिहिलात, पेनाला टोपण लावलंत आणि पेन माझ्या हातात दिलंत. तुमचा शेवटचा आकडा मी खोडायचा? आपल्या घरात तुमचा शब्द कोणी खोडलेला नाही. तुम्ही सोफा खिडकीखाली ठेवा म्हणालात, तो अजून तिथेच आहे. उन्हाने पार विटला, पण आई तो हलवू देत नाही. मी दर वेळी पेन उचलायचो, त्या दोन रेघा बघायचो आणि लोकांच्या विश्वासाचं वाक्य लिहायचो. याला मी आदर म्हणत होतो. हल्ली मला वाटतं ती भीती होती, आणि तिचं ओझं मी दुसऱ्याच्या पाठीवर टाकलं होतं.

पत्र फार लांबलं. मामींचा घसा दुखायला लागला असेल, त्यांनी मध्ये पाणी प्यावं. डोळ्यात औषध वेळेवर घालत जा, उन्हात काळा चष्मा लावा, आणि खिडकीतून कोणाला वजन सांगायचंच असेल तर हळू आवाजात सांगा. धाकट्यांना आशीर्वाद, मोठ्यांना जिथे असतील तिथे नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (हाच तर घोटाळा झाला)
भाचा

ता. क. सोबत एक कागद आहे, तो पत्र आणणाऱ्या शिपायाच्याच हाती परत पाठवा. नियम असा की एकदम तीन किलोंहून जास्त उतरवायचे तर कमिटीला लेखी कारण द्यावं लागतं, आणि मला नऊ उतरवायचे आहेत. कागदावर एकच ओळ टाइप केली आहे: 'मूळ वजन ठरवताना माझी चूक झाली होती.' खाली तुमची सही हवी. खरं सांगायचं तर हे सगळं पत्र या एका सहीसाठी लिहिलं आहे. तुमच्या उभ्या आयुष्यात तुम्ही असं वाक्य कोणाला लिहून दिलेलं नाही, हे मी जाणतो. पण गुरुवारी वजनांची यादी फळ्यावर लागते, आणि रविवारी हरला तर तो गेला. सही करवली नाही तर राग मानणार नाही. मला फक्त काय करावं ते कळणार नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवणार एवढ्यात मामींचा फोन आला, डोळ्याच्या औषधाचं नाव विचारायला. बोलताबोलता मी घोड्याचं बोलून गेलो, आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी पेन पुन्हा हातात घेतलं. (मामी, हे वाचताना गाळू नका. मोठ्याने वाचा.) तुम्ही म्हणे निवृत्त झाल्यापासून दर शर्यतीला दिग्विजयवरच लावता. आणि दर वेळी मामींना सांगता की तो साठ तुम्ही घाईत लिहिला होता, बाहेर निरोपाच्या चहाला मंडळी खोळंबली होती, पन्नासाच्या आसपासच हवा होता. पण पोराने तीन वर्षांत तो बदलला नाही, म्हणजे आपलीच समजूत चुकली. पोराला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मामा, सही नको. तो कागद फाडून टाका. मी आत्ताच एक्कावन्न लिहिले आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'चूक माझी, तीन वर्षांची.' रविवारी त्याच्यावर लावू नका, नुसते बघायला या. मी फाटकाशी घ्यायला उभा असेन. मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, हे तुम्ही एकदा मला तोंडावर म्हणाला असतात, तर तो घोडा केव्हाच सुटला असता.