हँडलचा कानोसा

प्रिय भिंगरी,

‘आत्या, हँडलचा हिसका मारणारा डँपर साधा घेऊ की भारीतला? एका शब्दात सांग,’ असा तुझा निरोप मिळाला. एका शब्दात सांगणारी आत्या हवी होती तर जन्म दुसऱ्या घरात घ्यायचास. आपल्याकडे तुझा बाबा नुसतं ‘नाही’ म्हणायलाही आधी चहा मागतो. शिवाय हल्ली मोबाइलवर लिहायला गेले की भलतीच अक्षरं उमटतात, म्हणून सरळ कागद घेऊन बसले आहे. अक्षराला हसू नकोस, पेन भिकार आहे.

तुझी घाई मला कळते गं. मनगटाचं प्लास्टर आत्ता कुठे निघालंय आणि शर्यत तोंडावर आली आहे. गेल्या शर्यतीत शेवटच्या वळणावरच्या त्या दगडाळ पट्ट्यात पुढचं चाक आदळलं, हँडलने हिसका दिला आणि तुझं मनगट मोडलं. दवाखान्याच्या बाकावर तुझा बाबा माझ्या शेजारी बसला होता. ही चार चाकांची, हँडलवाली शर्यतीची गाडी तुझ्या हाती मीच दिली, हे तो एका अक्षराने बोलला नाही. उठला आणि माझ्यासाठीही पाणी घेऊन आला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. डॉक्टरांनी सांगितलंय की तिथेच पुन्हा तसा हिसका बसला तर गाडी विसरायची. तेव्हा हा डँपर मिरवायला घ्यायचा नाहीये, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे.

तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगते, त्याशिवाय मला चैन पडायची नाही. दोन्हींच्या पोटात तेलच असतं. चाक दगडावर आपटून हँडल झटकन फिरायला गेलं की ते तेल बारीक भोकातून सावकाश सरकतं आणि हिसका मनगटापर्यंत पोचेस्तोवर मरून जातो. साध्याला एकच स्क्रू. तो आवळला की हिसका मरतो खरा, पण साध्या वळणालाही हँडल जड लागतं आणि निम्म्या शर्यतीतच दंड भरून येतात. सैल सोडला तर मनगटाचं काही खरं नाही. या दोन्हींच्या मधली जागा एकदा नीट सापडली, की मग तो वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. भारीतला जरा समजूतदार असतो. तू सावकाश वळवलंस तर वाट देतो, अचानक हिसका आला तरच आडवा येतो. शिवाय वरती मोठी गोल चकती, हातमोजा घालूनही चालत्या गाडीवर फिरवता येईल अशी.

आणि मी काय म्हणणार हे तू गृहीत धरलं असशील. गाडीला जितक्या चकत्या तितकी डोकेदुखी, हे तू बोबडं बोलत होतीस तेव्हापासून मी तुला ऐकवत आले आहे. साधा डँपर, नीट लावलेला, एवढंच माझं म्हणणं. पण तो नीट लावतं कोण? आजवर तुझ्या प्रत्येक गाडीचा तो स्क्रू मीच लावला.

आठवतंय, वर्कशॉपच्या मागच्या आवारात मी विटांचे तुकडे पुरून ठेवले होते? तुला पुढ्यात बसवायचे, तुझे इवलेसे हात ग्रिपवर आणि त्यावर माझे. हातमोजे काढायचे, बोटं नुसती टेकवायची आणि त्या विटांवरून हळूहळू जायचं. हँडलचा कानोसा घेणं म्हणायचो आपण त्याला. तू डोळे गच्च मिटून घ्यायचीस आणि मी ओरडायचे, अगं बाई, एकीने तरी समोर बघायला हवं! एकदा तू एकदम म्हणालीस, ‘आत्या, डावं चाक रुसलंय.’ मी खो खो हसले. चाकं रुसायला लागली तर वर्कशॉप बंद करून नवऱ्यामुलांची स्थळं बघायला घेईन म्हटलं. संध्याकाळी चाक उघडलं तर आतलं बेअरिंग कोरडं ठणठणीत. मला ते कळलं नव्हतं, तुला कळलं होतं. त्या दिवशी तुझ्या बाबाला जाऊन सांगितलं की तुझी लेक आता माझी झाली. त्याने चहा मागितला.

तर तुझा निरोप आल्यावर मी दुकानदाराकडून दोन्ही डँपर आणले आणि जुन्या गाडीवर लावून पाहिले. आधी साधा. विटांवरून गेले, हिसके छान मरत होते, पण डाव्या ग्रिपला एक बारीक थरथर. स्क्रू आवळला, सैल केला, थरथर आहेच. टायरची हवा पाहिली, बेअरिंगं पाहिली, स्टिअरिंगचे सांधे उघडून पुन्हा बसवले. शेवटी दुकानात जाऊन तो डँपर काउंटरवर आपटला आणि त्या बिचाऱ्याला नाही नाही ते बोलले. माझ्या भाचीचं मनगट तुझ्या असल्या भिकार मालावर सोडू का, वगैरे. तो भला माणूस, चष्मा पुसत म्हणाला, ‘आत्याबाई, माल चोख आहे, तरी दुसरा नेऊन बघा.’ दुसरा नेला. थरथर तशीच. मग भारीतला लावला, चकती पार शेवटपर्यंत फिरवली, इतकी की हँडल म्हशीसारखं अडून बसलं. तरीही डाव्या ग्रिपला तेच. मी इतकी चिडले की इंजिन बंद केलं आणि गाडीवरच बसून राहिले, कुणाला फोन करून झापावं याचा विचार करत.

भारीतलाच घे, भिंगरी. आणि का ते सांगायलाच हा कागद घेतला, कारण फोनवर माझ्या आवाजावरूनच काहीतरी बिनसलंय हे तू लगेच ओळखलं असतंस. इंजिन बंद होतं, गाडी जागची हलत नव्हती, तरी ग्रिप थरथरत होती. मी हात उचलला. ग्रिप थांबली, हात थांबला नाही. डॉक्टरांना दाखवून आले. औषधं चालू आहेत, जिवाला धोका नाही, पण हे जाणारं नाही म्हणाले. दुकानात जाऊन माफी मागून आले, बाबाला मात्र अजून सांगितलेलं नाही. रस्त्याची थरथर कुठली आणि माझी कुठली, हे मला आता कळत नाही, आणि अशा हाताने लावलेल्या स्क्रूवर मी तुझं मनगट सोडणार नाही. यापुढे तुझं तूच लावायचं, चालत्या गाडीवर, त्या दगडाळ पट्ट्यावर, म्हणून ती चकती हवी. चार दिवस आधी ये. विटा अजून तिथेच आहेत. तू पुढे बस, मी मागे बसते, समोर बघायचं काम माझं, तू खुशाल डोळे मिट. आणि गाडीचा झाला, की एकदा माझ्या हाताचाही कानोसा घे. डॉक्टर म्हणतात थोडंच आहे, पण मला ते तुझ्याकडून ऐकायचंय. मला भीती वाटते गं.

वाट बघत बसलेली,
तुझीच आत्या