वहिनीनं मलाच विचारलं होतं

नाकायिझा बाळा,

लग्नाआधी बाईच्या शरीराचं सगळं आत्यानंच सांगायचं, ही आपली रीत. तुला मी सगळं सांगितलं, एक सोडून. तेही इथे लिहितेय, पण पाठवायचं धाडस होईलसं वाटत नाही.

तुझी आई जाण्याच्या दोन वर्षं आधी आम्ही दोघी मटोकेची केळी सोलत होतो. तिनं हळूच विचारलं, "वन्सं, पाळी जाऊन सहा वर्षं झाली, आणि आता परत डाग लागतोय. काय करू?" गावातल्या सगळ्या बाया मलाच विचारायच्या, 'मला माहीत नाही' म्हणायची सवयच नव्हती. मी हसले. "तारुण्य परत आलंय, वहिनी! माझ्या भावाला सांभाळा आता." तीही लाजून हसली. पुन्हा त्यावर बोलली नाही. गर्भाशयाचा कॅन्सर कळला तेव्हा फार उशीर झाला होता.

गेल्या महिन्यात मलाही तसाच डाग दिसला. मला हसू आलं नाही. दुसऱ्याच दिवशी कंपालाचा दवाखाना गाठला. वेळेत सापडलं, म्हणाले.

काल दवाखान्यात माझ्या खाटेशी बसून तू म्हणालीस, "आत्या, आई तुझ्यासारखी शहाणी असती तर आज असती गं."

मी म्हटलं, "हो ना."

तुझी शहाणी आत्या,
नामुयंजा