सुया उधळल्या तो प्रश्न

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन असताना हा कागद का काळा करतोय ते वाचता वाचता कळेल. काना-वेलांटी चुकली तर तूच बसवून घे. सातवीत शाळा सुटेपर्यंत माझं शुद्धलेखन तूच तर करत होतीस.

आमच्या गोदामातून श्रवणयंत्रांची एक पेटी गायब झाली. मालकांनी सरळ खोटं पकडणारं यंत्रच मागवलं. यंत्रवाला आला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं दाताच्या डॉक्टरसारखं गोड. माझ्या छातीला रबरी नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना चिमटे, आणि वर म्हणतो, अजिबात हलायचं नाही. मला! तू ज्याला भिंगरी म्हणतेस त्याला! दोनदा कागद फुकट गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, बाबा रे, तुझ्या जागी छताचा पंखा बसवला असता तरी रेघा याहून सरळ आल्या असत्या.

विचारलं, पेटी तू घेतलीस का? मी नाही म्हटलं, कागदावर रेघा ओढणाऱ्या सुया मजेत चालल्या होत्या. मग विचारलं, तुझ्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसाशी कधी खोटं बोललायस का? मी नाही म्हटलं, आणि सुया अशा उधळल्या की मला वाटलं, आता बाडबिस्तरा गुंडाळा. तर गडी खूश! म्हणाला, जा, सुटलास.

मी त्याचा पिच्छाच पुरवला. तेव्हा चहा पिता पिता त्याने सांगितलं. यंत्राला खोटं कळतच नाही गं. त्याला कळतो श्वास, घाम, छातीची धडधड. माणूस बिथरला एवढं दिसतं, का बिथरला ते नाही. म्हणून मुद्दाम एक असा प्रश्न घालायचा, की त्याला 'नाही' म्हणताना जवळजवळ प्रत्येकाला अडखळायला होतं. पेटी घेणारा पेटीच्या प्रश्नाला जास्त बिथरणार, न घेणारा या दुसऱ्याला. एवढ्या ठोकताळ्यावर सगळा डोलारा. मी म्हटलं, आणि चोर निगरगट्ट निघाला तर? भला माणूस भित्रा असला तर? त्याने चष्मा पुसला. म्हणाला, त्यावरून शास्त्रज्ञांची भांडणं अजून मिटली नाहीत, पुष्कळांचा तर यावर भरवसाच नाही.

आणि झालं तसंच. फाटकावरचे मामा, ज्यांना साधं नाव विचारलं तरी घाम फुटतो, ते पेटीच्या प्रश्नात अडकले. मालक त्यांच्याकडे असे बघायला लागले की त्या दुपारी मामांनी डबाच उघडला नाही. मला राहवेना. दोन दिवस एकेक मांडणी उपसली, आणि पेटी सापडली सहा नंबरात. जायची होती नऊमध्ये! पेटी उलटी, म्हणून आकडाही उलटा. आणि ताई, ती तिथे ठेवली होती मीच. यंत्राने सोडला तोच गडी. मी खोटं बोललो नव्हतो, मला ठाऊकच नव्हतं. सगळ्यांदेखत कबूल केलं. मालकांनी चांगलं झापलं, मामांनी अर्धा डबा मला दिला.

आता तू म्हणशील, सुपरवायझर कशाला पेट्या उचलतोय? त्या सुया तिथेच उधळल्या होत्या. ताई, मी सुपरवायझर नाही. कधीच नव्हतो. पहिल्या महिन्यात तू विचारलंस, जमतंय ना रे, आणि तोंडातून निघून गेलं. मग तू फोनवर मला साहेब म्हणायला लागलीस, शेजारीपाजारी सांगत सुटलीस, आणि माझी दातखीळ बसली. परवा म्हणालीस, साहेबांच्या हाताखाली लागायचं म्हणून भाऊजी एक तारखेला बेकरीत राजीनामा देणार. माझ्या हाताखाली फक्त पेट्या आहेत गं. त्यांना सांग, ती भट्टी सोडू नका. मग दोघांनी मिळून फोन करा आणि हव्या तेवढ्या शिव्या घाला. पहिल्या घंटीला उचलीन. हे शेवटचं पान मी तीनदा लिहिलं, आणि खरं सांगतो, एका जागी बसून लिहिलं.

तुझीच,
भिंगरी
(पाकिटावर माझ्या नावापुढे सवयीने 'साहेब' लिहिलं गेलंय, ते खोडून वाच.)