तिसऱ्या ग्रिडचं नाव रंगनाथ

ती. भागिरथी आत्या हिला जामखेडहून दिशाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? कोल्हारला नदीकाठी थंडी जास्त, पहाटे गोठ्यात अनवाणी जाऊ नकोस. पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर आधी तू रडतेस, मग मी, आणि सांगायचं राहूनच जातं.

तुझे दोन्ही भाऊ, आमचे दादा आणि आबा, एकमेकांशी बोलत नाहीत, हे तुला कळलंच असेल. रंगनाथ आबा दिवाळीपासून आमच्याकडे फिरकलेले नाहीत. (घर बोळापलीकडे, त्यामुळे दोघं एकमेकांना दिवसभर दिसतात, हे आणखी वाईट.) कारण माझी नोकरी.

घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, पण मी नगरला नेमकं काय करते हे दादांना कुणाला सांगता येत नसे. भूजलाची गणितं एवढी मोठी असतात की एका संस्थेचे संगणक पुरत नाहीत. मग निरनिराळ्या संस्थांचे संगणक जोडून घेतात, त्याला ग्रिड म्हणतात. कोणतं काम कुठल्या ग्रिडला, कधी धाडायचं हे ठरवणारी प्रणाली आम्ही लिहितो. आता प्रत्येक ग्रिडची रीत वेगळी. एकीला नुसता निरोप चालतो. दुसरी स्वतःच्याच नमुन्यात सगळं मागते. तिसरी काम ठेवून घेते, नाही म्हणत नाही, पण करतही नाही. पुष्कळ डोकं आपटल्यावर कळलं, की तिच्याकडे कामाच्या पुढे आपला एक छोटा प्रोग्राम धाडावा लागतो, तो तिथे बसून काम हलवतो.

दादांना मी म्हटलं, लग्नात कुणाला फोन पुरतो, कुणाला कुंकू लावलेली पत्रिका लागते, आणि आबांना पत्रिका देऊनही घरी न्यायला माणूस धाडावा लागतो, मूळ म्हणून. तशी ही तिसरी. दादा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझं काम त्यांना पहिल्यांदाच समजलं होतं! त्या आनंदात त्यांनी ते दूध डेअरीवर सगळ्यांना समजावलं. (डेअरीवरचा भिमाजी म्हणतो, दूध घालून झालं तरी हलेनात.) पण डेअरीपासून आबांच्या घरापर्यंत जाता जाता ग्रिड वगैरे गळून पडलं आणि उरलं एवढंच, की दिशाच्या हापिसात एक बंद पडलेलं मशीन आहे आणि त्याचं नाव रंगनाथ.

मी समजूत घालायला गेले, तर आबा खाटेवरून उठलेही नाहीत. "आमी मशीन हाय व्हय? मग मशीन कुठं पाव्हनं म्हनून जातं का? जा, बटन दाब तुझं." काकूनं चहा दिला, तोही आबांकडे बघत बघत.

आता तिन्ही ग्रिड आमच्या प्रणालीचं ऐकतात. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. शनिवारी घरी येऊन दादांना सांगितलं. "लई चांगलं झालं," म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "आता डेअरीवर न्हाई सांगत."

बाकी सर्व ठीक.

तुझी,
दिशा

ता. क. बाकी ठीक नाही. दादांच्या घशात गाठ निघाली आहे, येता सोडून पुढच्या मंगळवारी ऑपरेशन. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर नक्की सांगत नाहीत. आबांना कळवू का, असं विचारलं, तर दादा म्हणाले, "नको. दुखनं ऐकून आला तर नुसता गप बसंल माझ्यापुढं."

ता. क. २. म्हणून तू ये, आणि आबांना आजाराचं सांगू नकोस. हवं तर भांडण आणखी पेटव, पण त्या सोमवारच्या आत त्यांना भांडायला घेऊन ये. उलट बोलण्याइतका आवाज दादांना अजून आहे.